काय चेष्टा आहे?

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, भिंतीकडे तोंड फिरवले ती सकाळ माझ्या मनातून जात नाही. पक्षाघाताचा झटका येऊन तेव्हा १४ दिवस झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय जागच्या जागी पडून होते, तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी खाली आली होती आणि बोलायला गेले की घशातून नुसता आवाज निघत होता. समजत मात्र सगळे होते, आणि तेच अधिक अवघड होते. मिरजेतल्या त्या रुग्णालयात व्यायाम करून घ्यायला बंगालकडची एक तरुण मुलगी येत असे. दोन दिवस तिने हातपाय हलवून घेतले होते. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून एक छोटा आरसा काढला, तो अण्णांच्या तोंडासमोर धरला आणि स्वतः दोन्ही गाल फुगवून दाखवले. मग ओठांचा चंबू केला. मग जीभ बाहेर काढून ती आधी डावीकडे आणि नंतर उजवीकडे वळवली. दर वेळी ती अण्णांकडे बघून हसत होती आणि म्हणत होती, “काकू, चेष्टा कोरून. एकटू चेष्टा.” अण्णांनी आरशात पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. मग धड असलेल्या डाव्या हाताने आरसा बाजूला सारला आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांचा खांदा हलत होता. माझ्या जन्मात मी अण्णांना रडताना पाहिले नव्हते.

त्या क्षणी त्यांना काय ऐकू आले असेल ते मला कोणी सांगायला नको होते, कारण मलाही तेच ऐकू आले होते. एसटीत ३१ वर्षे वाहक म्हणून काढलेल्या माणसाला एक परकी मुलगी ‘काकू’ म्हणत होती. त्याच्या वाकड्या झालेल्या तोंडासमोर तिने आरसा धरला होता, स्वतः वाकुल्या दाखवल्या होत्या आणि आपण चेष्टा करत आहोत असे वर हसत हसत सांगितलेही होते. मी ताडकन उठले आणि तोडक्यामोडक्या हिंदीत तिला सुनावले, “इनकी चेष्टा मत कीजिए.” ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता, होते ते फक्त न कळणे. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, “चेष्टा नहीं करेगा, तो ठीक कैसे होगा?” मला ते वाक्य उद्धटपणाचा कळस वाटले. मी तिला खोलीबाहेर जायला सांगितले. आरसा तिने पिशवीत ठेवला, पिशवीची चेन दोनदा अडकली, आणि ती गेली. चेन अडकल्याचा तो बारीक आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतर दोन दिवस अण्णांनी कोणालाही हात लावू दिला नाही. डाव्या हाताने चादर डोक्यावर ओढून घेत आणि तसेच पडून राहत. आई उशाशी बसून पुटपुटत असे. तिला मुक्ताबाईचे ताटीचे अभंग लहानपणापासून पाठ आहेत, आणि ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ हे पालुपद ती त्या चादरीपाशी तोंड नेऊन इतक्या हळू म्हणत होती की जणू चादर हीच ती ताटी होती. लोकांच्या कुत्सित बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचे दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने त्यांना बाहेरून विनवले, ही कथा मी अनेकदा ऐकली होती. ऐकताना दर वेळी मला मुक्ताबाईचे शहाणपण मोठे वाटायचे. त्या रात्री मात्र मला आत बसलेला तो मुलगा दिसत राहिला. ज्याला पुढच्या कित्येक पिढ्यांनी माउली म्हटले, त्यालाही चार शब्दांनी आत ढकलले होते.

उलगडा झाला तो तिसऱ्या रात्री, मामाच्या फोनवर.

मामा मूळचा विट्याजवळचा. खानापूर-आटपाडी भागातून जी घरे सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगली, त्यांतले एक घर आमच्या आजोळचे. सोळाव्या वर्षी मामा कोलकात्याला गेला आणि आता त्याचे उभे आयुष्य बहुबाजारात गेले आहे. अण्णांची चौकशी करायला तो रोज रात्री फोन करत असे. मी त्याला सगळे सांगितले, अगदी त्या मुलीच्या शब्दांसह, कारण माझा राग उतरलेला नव्हता. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मामा म्हणाला, “अगं पोरी, इकडं चेष्टा म्हंजे प्रयत्न. चेष्टा कोरून म्हंजे प्रयत्न करा. आन् काकू म्हंजे काका.” मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. शाळेत हिंदीच्या पुस्तकात हा शब्द या अर्थाने मी नक्की वाचला असणार. पण रुग्णालयात, बापाच्या उशाशी, माझे कान केवळ मराठी होते.

मग मामाने जे सांगितले ते त्याने घरात आजवर कोणाला सांगितले नव्हते. गावाहून गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्याला भट्टीवर उभे केले होते. चिमट्याने तापलेली मूस उचलायची आणि वितळलेले सोने थेंबही न सांडता ओतायचे, हे त्याला जमत नव्हते. हात थरथरायचा. शेजारच्या पेढीवरचा एक म्हातारा बंगाली कारागीर रोज त्याच्याकडे बघून म्हणायचा, “चेष्टा कोरो, बाबा, चेष्टा कोरो.” मामाला वाटायचे, हा म्हातारा आपल्या थरथरत्या हाताची थट्टा करतो आणि वर ती थट्टा बोलूनही दाखवतो. एका संध्याकाळी तो हुगळीच्या घाटावर जाऊन बसला आणि गावाकडे परत जायचे त्याने जवळजवळ ठरवले होते. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून राहिला. पुढे भाषा समजू लागली तेव्हा त्याला कळले की अख्ख्या बाजारात त्याला धीर देणारा तो एकच माणूस होता. तोवर म्हातारा वारला होता. “मी त्याच्याशी सहा म्हैने बोललो न्हाई,” मामा म्हणाला, आणि मग त्याने विषय बदलून अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारले.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. संस्कृतातल्या ‘चेष्ट्’ या धातूचा अर्थ हालणे, हालचाल करणे, धडपडणे. त्याच एका धातूपासून बंगाली, असमिया, ओडिया आणि हिंदी या भाषांनी प्रयत्न हा अर्थ उचलला. दक्षिणेकडे शब्द गेला तो वेगळ्याच अंगाने. आमच्या मिरजेला हे समजायला कोश उघडावा लागत नाही, कारण इथल्या गल्ल्यांत कन्नड आणि मराठी एकाच नळावर पाणी भरतात. आमच्या शेजारच्या अक्का नातवाने बादली उलटवली की ओरडत, “चेष्टे माडबेड!” कन्नडात चेष्टे म्हणजे खोडी, वांडपणा. तमिळमध्येही हाच शब्द खोडकरपणासाठी वापरतात. तिकडे पूर्वेला हालचालीतली धडपड शब्दाला चिकटली, इकडे दक्षिणेला हालचालीतला चाळा चिकटला. मराठीने त्या चाळ्याच्याही पुढचे पाऊल टाकले आणि दुसऱ्याला उद्देशून केलेला चाळा, म्हणजे त्याची उडवलेली टर, हाच अर्थ मुख्य करून ठेवला. तसे पाहिले तर खुद्द ‘चाळा’ हा शब्दही चळण्यातूनच आला आहे. शरीर हलले की त्यात आपल्याला आधी खोडी का दिसावी, हे मला कळत नाही.

जुना अर्थ मराठीतून पुरता गेला आहे असेही नाही. तो कोपऱ्याकोपऱ्यांत शिल्लक आहे. ‘निश्चेष्ट पडला होता’ असे आपण सहज लिहितो आणि त्याचा थट्टेशी काही संबंध नाही हे आपल्याला ठाऊक असते. अण्णांचा उजवा हात निश्चेष्ट होता, असे मीच नातेवाइकांना कळवताना लिहिले होते. लिहिताना हे लक्षात आले नाही की ज्या हाताला ‘चेष्टा’ नाही, त्या हाताला ‘चेष्टा करा’ असे सांगणारी मुलगी या शब्दाचा सर्वांत नेमका वापर करत होती. आई गेली ३० वर्षे गीतेच्या सहाव्या अध्यायाचा पाठ करते. त्यात सतराव्या श्लोकात ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ असे येते, म्हणजे ज्याची कर्मातली हालचाल, धडपड यथायोग्य आहे असा. मी तिला ते दाखवले तेव्हा ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. विद्यार्थ्याची लक्षणे सांगणारे ‘काकचेष्टा बकध्यानं’ हे सुभाषित आम्हाला शाळेत होते. कावळ्यासारखी चिकाटी, बगळ्यासारखी एकाग्रता, असा अर्थ गुरुजींनी सांगितला होता. पण वर्गाने ऐकली ती कावळ्याची चेष्टा, आणि मागच्या बाकांवरून काव काव सुरू झाली. ‘मर्कटचेष्टा’ या शब्दात तर पुलाच्या मधोमध उभे राहिल्यासारखे दोन्ही काठ दिसतात. माकडाच्या हालचाली तो एक काठ, आणि माकड समोरच्याचे अनुकरण करते, म्हणून वेडावून दाखवणे हा दुसरा.

अनुकरणाशी मला थांबावे लागते, कारण आमच्या घरात त्याला कला म्हणत.

अण्णा नकलाकार होते. सीमाभागातल्या गाड्यांवर नोकरी केल्यामुळे दिवसभरात त्यांना शंभर तऱ्हांची माणसे भेटत, आणि रात्री जेवताना त्यांतली चारपाच माणसे आमच्या ताटांभोवती येऊन बसत. कोंबडीचे अर्धे तिकीट मागणारी म्हातारी, झोपेत खिसा घट्ट धरून ठेवणारा व्यापारी, कन्नडात भांडायला सुरुवात करून मराठीत शिव्या देणारा पैलवान. अण्णांचा आवाज बदलत नसे, तर आधी त्यांचे खांदे बदलत, मान बदलत, आणि मग त्या मानेतून तो आवाज आपोआप निघाल्यासारखा निघे. गणपतीत मंडळाच्या मंडपात त्यांच्या नकलांचा कार्यक्रम ठरलेला असे आणि त्या रात्री आमच्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसे. त्यांतल्या एका नकलेची लोक फर्माईश करत. ती तात्यांची.

तात्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. उजवा हात कोपरात मुडपून छातीशी धरलेला, आणि उजवा पाय सरळ न पडता बाहेरून अर्धा गोल काढून पुढे येणारा. चप्पल फरशीवर घासत येई, त्यामुळे ते दिसायच्या आधी ऐकू येत. रोज संध्याकाळी ते गणेश तलावापर्यंत जात आणि परत येत. जायला यायला त्यांना दीड तास लागे. अण्णा तो अर्धा गोल इतका हुबेहूब काढत की पडद्यामागून नुसता घासण्याचा आवाज आला तरी मंडपात हशा उसळे. तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले असत. ते हसत. सगळी गल्ली सांगे, तात्यांना राग येत नाही, तात्या दिलदार आहेत. त्यांचे हसणे आज मला आठवते तेव्हा त्यातही तोंडाची उजवी बाजू खालीच राहिलेली दिसते. आम्ही जिला त्यांची ढब समजत होतो ती अर्धांगवायूची खूण होती, आणि ज्याला आम्ही त्यांचे फिरायला जाणे म्हणत होतो ते कोणाच्याही मदतीशिवाय, कोणी मोजून न देता, वर्षानुवर्षे चालवलेले व्यायामाचे व्रत होते. गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावरून आम्ही ते रोज पाहत होतो.

नातेवाइकांपैकी दोघांनी रुग्णालयात हळूच हा विषय काढलाच. केलेले फेडावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे बोलणे क्रूर वाटते आणि खोटेही वाटते. रक्तवाहिनीत गुठळी अडकते ती रक्तदाबाने, साखरेने, तंबाखूने, वयाने. गणपतीच्या मंडपातल्या हशाची ती वाट पाहत नसते. तात्यांनाही झटका आला होता, त्यांनी कोणाची नक्कल केली होती? अण्णांच्या आजाराला शिक्षा म्हणणे म्हणजे तात्यांच्या आजारालाही शिक्षा म्हणणे होते, आणि ते मी कोणाला करू देणार नाही.

पण माझा स्वतःचा हिशेब मला टाळता येत नाही. अण्णांची ती कला माझ्यात उतरली होती. सहावीत आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचा ‘ह’ अडत असे. हजेरीच्या वेळी त्याचा क्रमांक आला की वर्ग श्वास रोखून बसे. मान किंचित मागे जाई, डोळे मिटत, हनुवटी थरथरे, आणि ‘ह’ वर तो उभाच राही. एके दिवशी त्याने युक्ती काढली. ‘हजर’ ऐवजी तो पटकन ‘आहे सर’ म्हणाला, आणि ते अडखळल्याशिवाय बाहेर पडले. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मला आजही दिसतो. सरांनी मान वर करून सांगितले, हजर म्हणायचे. मग वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मी त्याची नक्कल केली, मान, डोळे, हनुवटी, सगळे जागच्या जागी, आणि मुली पोट धरून हसल्या. त्या रात्री जेवताना मी तीच नक्कल घरी केली. अण्णा म्हणाले, माझी लेक शोभतेस. आईने भात वाढता वाढता एवढेच विचारले, “त्याच्या आईचं घर कुठं गं?” मला तो प्रश्न असंबद्ध वाटला होता. पुढे तो मुलगा वर्गात असूनही हजेरीला गप्प बसू लागला. सर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लावत आणि तो खाली पाहत राही. वर्षाच्या शेवटी त्याची हजेरी कमी भरली, तेव्हा त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतले. ते ओसरीत टोपी हातात घेऊन उभे होते आणि पोरगा रोज दप्तर घेऊन घरून निघतो, एवढेच परत परत सांगत होते.

आपल्या भाषेत या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर, रेवडी, हेटाळणी, हिणवणे, वेडावणे. हिणवण्यात तर ‘हीन’ उघडच बसलेला आहे. मस्करी अरबीतल्या मस्खऱ्यातून आली, नक्कलही अरबीच आणि तिचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणे, त्यावरून मग प्रत काढणे. संस्कृतातल्या ‘विडंबन’ या शब्दाचा अर्थही अनुकरण. आपण त्याचे दोन केले, साहित्यात ते विडंबन राहिले आणि रस्त्यावर, माणसाच्या अंगावर आले तेव्हा त्याची विटंबना झाली. या सगळ्या शब्दांची मी मनाशी उलटसुलट मांडणी करून पाहिली, पण चेष्टेची जागा वेगळी आहे. ती सगळ्यांत निरुपद्रवी मानली जाते. रागावलेल्या माणसाला आपण ‘टिंगल केली हो’ असे सांगून समजावत नाही, ‘अहो, चेष्टा केली’ असे सांगतो. चेष्टा म्हटले की दुखावलेल्या माणसाची रागावण्याची सोयच संपते, आणि तरी तो रागावला तर तोच कोत्या मनाचा ठरतो. म्हणून मग भाषेला ‘कुचेष्टा’ असा आणखी एक शब्द करावा लागला असेल. पण या ‘कु’ची पाटी लावायची कोणी? मी आजवर कोणालाही ‘मी त्याची कुचेष्टा केली’ असे म्हणताना ऐकलेले नाही. करणारा नेहमी चेष्टाच करत असतो.

आणि मग या सगळ्याच्या उलट जाणारे एक वाक्य आमच्याकडे आहे, जे मी हजारदा ऐकले आणि कधी थांबून ऐकले नाही. म्हैस पाळणाऱ्या आजीला कोणी म्हटले, बरे चालले आहे तुमचे, की ती म्हणे, “चार म्हशी राखणं म्हंजे काय चेष्टा हाय व्हय?” दुष्काळात विहीर खणणारा हेच म्हणतो, तीन लेकरांना एकटीने वाढवणारी बाई हेच म्हणते. या वाक्यात चेष्टा म्हणजे सोपी, हसण्यावारी न्यायची गोष्ट, असा अर्थ आपण घेतो. पण मामाच्या कानाने ते ऐकले तर काय होते पाहा. कष्ट करणारा माणूस कष्टाचेच मूळ नाव तोंडात घेऊन सांगत असतो की याला हसू नका. दोन अर्थ एकमेकांना पाठ लावून त्या एका वाक्यात बसलेले आहेत, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

मामाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीला रुग्णालयाच्या दारातच गाठले. माफी कशी मागावी ते मला हिंदीत सुचेना. ‘हमारे यहाँ चेष्टा मतलब’ इतके म्हणून मी थांबले आणि शब्दाऐवजी जीभ बाहेर काढून वेडावून दाखवले. तिच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आले आणि मग तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. ती हसली नाही. “छी छी,” ती म्हणाली, “काकू ने ऐसा सोचा?” आणि तिचे डोळे भरले. वॉर्डात जाईपर्यंत ती काहीतरी स्वतःशीच बोलत होती. अण्णांच्या पलंगाशी ती खाली वाकली, त्यांचा उजवा, काही न कळणारा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि मी शिकवलेले वाक्य अक्षर अक्षर लावून म्हटले, “अण्णा, प्रयत्न करा.” अण्णांनी चादर खाली केली. मी त्यांना सगळे सांगितले, मामाचे, हुगळीच्या घाटाचे, म्हाताऱ्या कारागिराचे. ते ऐकत होते. त्यांच्या दोन्ही भुवया वर गेल्या. चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडला तरी कपाळ दोन्हीकडून हलते, आणि मधल्या सगळ्या दिवसांत तो एवढाच भाग अजून पूर्वीच्या अण्णांचा होता. मग त्यांनी डाव्या हाताने आरशाकडे बोट केले.

गाल फुगवायला त्यांना अकरा दिवस लागले. हवा उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून निसटत असे आणि लाळ हनुवटीवर येत असे. ती मुलगी रुमालाने पुसे आणि पुन्हा स्वतः गाल फुगवून दाखवे. अण्णा तिच्या तोंडाकडे ज्या नजरेने पाहत ती नजर मी ओळखत होते. जेवणाच्या ताटावरून म्हातारीची मान उचलण्याआधी, व्यापाऱ्याचे खांदे उचलण्याआधी ते असेच पाहत. नक्कल करणाऱ्या माणसाइतके बारकाईने दुसऱ्याच्या शरीराकडे कोणी पाहत नाही, आणि त्या पाहण्यात प्रेम असते की निष्ठुरपणा, हे मला लहानपणी कधी ठरवता आले नव्हते. आजही येत नाही. मला एवढेच दिसत होते की ज्या सवयीने त्यांनी तात्यांचा पाय चोरला होता, त्याच सवयीने ते आता तिचा ओठ शिकत होते.

घरी आल्यावर व्यायाम ओसरीत सुरू झाले. ती मुलगी आठवड्यातून तीनदा येत असे. शब्द हळूहळू परतले, पण क्रमाने नाही. हरिपाठाची ओळ सलग म्हणत आणि पाणी मागायला अडत. तिसऱ्या महिन्यात काठी धरून चार पावले, मग दहा, मग गल्लीत. पहिल्यांदा गल्लीत उतरलो ती उन्हाळ्याची संध्याकाळ होती. ऊन तिरपे झाले होते आणि समोरच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर अण्णांची सावली पडली होती. उजवा हात कोपरात मुडपून छातीशी, उजवा पाय बाहेरून अर्धा गोल काढत पुढे येणारा. चप्पल फरशीवर घासत होती. तीन ओट्यांवर बसलेली माणसे बोलायची थांबली. अण्णाही थांबले. ते त्या सावलीकडे बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“तात्या,” ते म्हणाले.

मला वाटले त्यांना खाली बसायचे आहे, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. भिंतीवरून नजर न काढता त्यांनी आणखी एक शब्द काढला, आणि तो निघायला फार वेळ लागला, ‘चे’ आधी आला आणि उरलेला मागून, ओढत. “चेष्टा,” ते म्हणाले. कोणत्या अर्थाने म्हणाले ते मी विचारले नाही. पलीकडून ती मुलगी त्यांच्या कोपराला हात न लावता, नुसता तळवा कोपराखाली धरून उभी होती. “हां काकू,” ती म्हणाली, “चेष्टा. आर एकटू.” मग ती पावले मोजू लागली, एक, दुई, आणि अण्णांनी तलावाच्या दिशेने पाय उचलला.